आप्पा आणि एका संगणकातल्या दोन प्रणाली

आप्पा संगणकाला हात लावण्याआधी त्याच्या डब्याला कान लावायचे. आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्तीनंतर रनाळ्याला राहायचे आणि जुने संगणक हौसेने चालते ठेवायचे. त्यांच्या घरच्या संगणकात विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली होत्या. चालू केला की कोणती हवी ते तो विचारायचा. मला त्याचं फार अप्रूप वाटलं.

माझा संगणक म्हातारा झाला होता. त्यातही विंडोजच्या जोडीला लिनक्स बसवून द्या, असं मी आप्पांना म्हटलं. "रविवारले येजो. तवलोंग हात लावू नको," आप्पा म्हणाले. पण मी मराठीचा मास्तर असूनही शाळेत संगणकतज्ज्ञ म्हणून मिरवायचो. कोणाचा प्रिंटर अडला तर मी तो बंद करून चालू करायचो; एवढ्यावर ती कीर्ती उभी होती. मी शुक्रवारीच एक व्हिडिओ पाहून कामाला लागलो. पडद्यावर 'संपूर्ण डिस्क पुसायची का' अशा अर्थाचा इंग्रजी प्रश्न आला. पुसणं म्हणजे साफसफाई, असं समजून मी हो म्हटलं.

लिनक्स झकास बसलं. बाकी काहीच उरलं नाही.

त्या 'बाकी'त माझ्या बायकोचं काम होतं. सुनंदा धडगावकडच्या शाळेत शिकवते आणि शनिवारी घरी येते. तिथल्या मुलांच्या घरी बसून तिने चार वर्षं त्यांच्या पावरी बोलीतले शब्द जमवले होते, पहिलीच्या मुलांसाठी पुस्तिका करायला. नक्कल काढून ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. मी ती काढली नव्हती.

शनिवारी सकाळीच डबा मोटारसायकलला बांधून मी रनाळ्याला पोचलो. आप्पांनी कान लावला, मग माझ्याकडे पाहिलं.

"तू हुशार शे, म्हनीसन हाई व्हयनं," ते शांतपणे म्हणाले. "बाईले सांगं का?"

"आधी काही मिळतंय का बघू. मग सांगतो."

"मशीन मी दखसू. बाईले तू सांग. आजच."

घरी परतताना मी वाटभर बरीच वाक्यं जुळवली. डिस्क, वीज, व्होल्टेज, सगळ्यांवर थोडा थोडा दोष टाकून पाहिला. सुनंदा आली, पाय धुऊन बसली, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "तुझे शब्द मी पुसले."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "सगळे?" आणि उठून आत गेली.

आप्पांनी माझी डिस्क स्वतःच्या संगणकाला जोडली आणि नऊ दिवस तिच्यापाशी बसले. बऱ्याच फायली मिळाल्या, पण नावं गेलेली, नुसते आकडे. पुढचे दोन महिने दर रविवारी मी एकेक फाईल उघडायचो आणि सुनंदा सांगेल ते नाव द्यायचो. वर्गात मुलांना दटावणारा मी, तिच्यासमोर पावरी उच्चार चुकत बसायचो. काही शब्द मिळालेच नाहीत. ते तिने घरोघर जाऊन पुन्हा विचारले.

पुस्तिका छापून आली तोवर आप्पा मुलाकडे सुरतला गेले होते. मी ती घेऊन गेलो. त्यांची नजर जवळपास गेली होती. पहिल्या पानावरचे आभार मी वाचून दाखवले. त्यात आप्पांचं नाव होतं, मुलांची होती, त्यांच्या आज्यांची होती.

"आनि तुन्हं नाव?" त्यांनी विचारलं.

"नाही, आप्पा."

"बरोबर शे," ते म्हणाले आणि खळखळून हसले. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. "आते वाच. सगळं वाच."

मी पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. आप्पा डोळे मिटून प्रत्येक शब्द माझ्यामागून म्हणत होते. त्यांच्या सुनेने दोनदा चहा गरम करून आणला. शेवटचं पान संपलं तेव्हा ते म्हणाले, "चांगलं काम शे बाईनं." आमची ती शेवटची भेट.