काकूंची चार मिनिटं

इंदुरात आजवर जेवढे शब्द बोलले गेले असतील, त्यांतले निम्मे एकट्या आमच्या समोरच्या काकूंचे आहेत. उरलेल्या निम्म्यांत बाकीचं गाव कसंबसं भागवतं. सकाळी दूध घ्यायला दार उघडावं, तर खजरान्याच्या गणपतीच्या गर्दीपासून राऊ गावात दिलेल्या भाचीच्या बाळंतपणापर्यंत सगळं ऐकूनच ते लावता येतं. तोवर आत गॅसवर चहा आटलेला असतो.

पण काकूंचं बोलणं कुठूनही निघालं तरी शेवटी एकाच ठिकाणी पोचतं. फार वर्षांपूर्वी, टीव्हीवर एकच चॅनल होतं तेव्हा, मनोविकारांच्या डॉक्टरवर एक हिंदी मालिका लागायची. दिल्लीला भावाकडे गेलेल्या काकूंना तिच्या एका भागात पाहुण्या कलाकाराचं काम मिळालं. कुणाचं? तर बोलणंच सोडून दिलेल्या बाईचं! "एक बी डायलॉग नाही रे. चार मिनट फक्त बघायचं. डॉक्टर बिचारा हार मानून गेला!" मुलीच्या सोयरिकीत व्याह्यांपुढे सरबत ठेवता ठेवता त्या सहज म्हणाल्या, "मी पण वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेय हं, पूरे चार दिवस!" पेले जागच्या जागी थांबले. ते शूटिंग होतं, हे काकांनी अर्धा तास समजावलं तेव्हा कुठे लग्न ठरलं. बीपी तपासायला विजय नगरच्या दवाखान्यात गेल्या, तर तिथल्या डॉक्टरलाच शिकवून आल्या. "डॉक्टर साब, जरा पुढे झुकून विचारा. आमचा डॉक्टर असाच झुकायचा." आता तो खरंच झुकून विचारतो.

तर, काकू चार मिनिटं गप्प बसल्या, यावर कॉलनीत कुणाचाही विश्वास नव्हता. तो भाग लागला तेव्हा आमच्या गल्लीत एकही टीव्ही नव्हता. दरवर्षी काकू गणपतीतल्या नाटकासाठी उमेदीने नाव द्यायच्या आणि मंडळ त्यांना प्रसादाच्या टेबलावर बसवायचं. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर हसूही यायचं. साक्षीदार एकच, खुद्द काकूंचे यजमान, रेल्वेत नोकरीला असलेले काका. चेष्टा करणाऱ्याला ते हाताला धरून थांबवत. "भिया, स्टेशनमास्तरच्या घरी पाहिलंय मी. शेवटी डाव्या डोळ्यातून एकच थेंब. क्या काम केलं होतं हिने!" तीन वर्षांपूर्वी काका गेले आणि काकूंनी नाटकाला नाव देणं बंद केलं. त्या मालिकेचा विषयही काढीनाशा झाल्या, तेव्हा मात्र आम्ही सगळेच चरकलो.

यंदा माझ्या लेकीला इंटरनेटवर ती मालिका सापडली. आम्ही मंडळाच्या मांडवात पडदा लावला. काकू प्रसादाच्या टेबलामागे उभ्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आणि पडद्यावर तरुण काकू आल्या, तेच टोक, तेच बोट! डॉक्टर विचारतोय, समजावतोय, आणि या नुसत्या बघताहेत. शेवटी त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. काकूंनी तो हळूच त्याच्याकडेच सरकवला. मांडवात हशा पिकला आणि तिथेच विरला, कारण डॉक्टरचे डोळे भरून आले होते. आमचेही आले. मग लोक उठून उभे राहिले आणि ज्या टाळ्या पडल्या, तशा आमच्या मंडळात आरतीलाही पडलेल्या नाहीत! नाटक बसवणारे सेक्रेटरी टेबलापाशी धावत आले. "काकूजी, पुढच्या साली मेन रोल तुमचाच. बोला, मंजूर?" काकूंनी फक्त मान डोलावली. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि अभिमानाने माझी छाती फुगली होती.

घरी परतताना जिन्यात मी विचारलं, "काकू, पण तो डाव्या डोळ्यातला थेंब? तो तर दिसला नाही."

"थेंब कसला रे! यांनी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी ड्यूटी होती यांची," काकू किल्ली शोधत म्हणाल्या. "यांनी कधी सांगितलं नाही, मी बी कधी विचारलं नाही. न बघता आयुष्यभर माझ्या बाजूने बोलत राहिले."

एवढं बोलून त्या कुलूप उघडायला वळल्या. शपथेवर सांगतो, डाव्या डोळ्यातून एकच थेंब. मी पाहिलाय.