कार्डं माझ्या अक्षरातली

वकीलसाहेब ओट्यावर बसले होते. मी खाली, पायरीच्या अलीकडं. पायरी चढायची नाही असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती.

त्यांनी कागदाची घडी केली आणि ओट्याच्या कडेला ठेवली. मी उचलली.

"झालं तुझं काम," ते म्हणाले. "आता अभ्यास कर नीट."

"बरं साहेब," मी म्हणाले. वर हातही जोडले.

कागद उघडला तो शिरूरच्या एस.टी. स्टँडवर. दौंडची गाडी लागायची होती. वाचनालयाचं नाव वर छापलेलं. खाली टाइप केलेल्या तीन ओळी. "सदर मुलगी आमच्या वाचनालयात गेले दीड वर्ष झाडलोट व साफसफाईचे काम करीत आहे. वर्तणूक समाधानकारक आहे. तिने प्रशिक्षण वर्गास बसण्यास आमची हरकत नाही." त्याखाली कार्यवाह म्हणून वकीलसाहेबांची सही. गोल शिक्का.

मी तीनदा वाचलं. मग गाडी आली आणि मी बसले.

पुण्याला ग्रंथपालाचा वर्ग निघणार होता. तो पास झाल्याशिवाय वाचनालयात कायमची जागा मिळत नाही. आणि वर्गाला बसायचं तर नियम असा, की तुम्ही एखाद्या वाचनालयात पुस्तकांचं काम करत असल्याचं पत्र पाहिजे. पुस्तकांचं काम. झाडलोटीचं नव्हे. वकीलसाहेबांना हा नियम पाठ होता, कारण तो मला त्यांनीच वाचून दाखवला होता. हरकत नाही म्हणत म्हणत त्यांनी दार लावून घेतलं होतं.

आता खरं सांगते. मी झाडत होते. रोज सकाळी वाचनालय उघडलं की आधी केरसुणी घ्यायची. मला ते काम कुणी दिलं नव्हतं. पण कोपऱ्यात केरसुणी होती आणि दारातून आत आलेली मी होते. दोघींचं नातं लोकांनी आपसूक जोडलं. मीही जोडू दिलं. म्हणून त्या कागदाला निव्वळ खोटा म्हणता येत नव्हता. तीच त्याची हुशारी.

मी मूळची दौंडची. बा रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी. इंजिनाचा कोळसा, राख, तेल. बाच्या अंगाचा वास म्हणजे आमच्या घराचा वास. मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या घरांच्या ओळीत मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. पुढं काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आत्या शिरूरला बौद्ध वस्तीत राहायची, मजुरीला जायची. तिला बाळंतपणानंतर बरं नव्हतं म्हणून मी तिच्याकडं राहायला गेले आणि तिथं मला वाचनालय सापडलं.

तिथले ग्रंथपाल म्हणजे रिटायर झालेले मास्तर. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पाटी वाचायलाही त्यांना भिंग लागायचं. मी पुस्तक मागायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझं अक्षर कसं आहे?" मी लिहून दाखवलं. त्यांनी कागद डोळ्याला लावून पाहिला. "उद्यापासून ये," म्हणाले. मदतनीस म्हणून.

मास्तरांनी मला सगळं शिकवलं, हे मी नाकारणार नाही. नवं पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत कसं चढवायचं. विषय कसा ओळखायचा. कुठल्या विषयाला कुठला आकडा. मराठी साहित्याला आठशे एक्क्याण्णव पूर्णांक चार सहा. पहिल्या दिवशी तो आकडा मी घरी जाताना तोंडानं म्हणत गेले, जणू कुणाच्या घराचा पत्ता. मग कार्डं. एका पुस्तकाची तीन कार्डं, लेखकाचं, नावाचं, विषयाचं. त्या वाचनालयात आधी सूचीच नव्हती. पुस्तकं कपाटात जशी कोंबली तशी पडलेली. दीड वर्षात मी कपाटामागून कपाट लावलं, वाचकांना पुस्तकंही मीच काढून दिली. बोटाला शाईचा घट्टा पडला.

शिकवलं सगळं. पण मास्तरांनी माझ्या हातातून कधी काही घेतलं नाही. पुस्तक मी टेबलावर ठेवायचं, मग ते उचलायचे. रागानं नाही. अगदी मायेनं, "ठेव पोरी तिथं" म्हणायचे. माया आणि विटाळ एकाच माणसात इतके शेजारी शेजारी राहू शकतात, हे मला तिथं कळलं.

तर तो कागद घेऊन मी दौंडला आले. बा नुकताच ड्युटीवरून आला होता. हातपाय धूत होता.

"मिळालं का पत्र?"

"मिळालं."

"वाच की मंग."

बाला वाचता येत नव्हतं. मी काहीही वाचून दाखवू शकले असते. तेवढा मोह झाला. पण जे होतं तेच वाचलं. बानं तांब्या खाली ठेवला. 

"झाडू मारण्याची लाज न्हाई," तो म्हणाला. "तुझ्या आजीनं साऱ्या गावचं झाडलं. मी राख वढतो. पर आजीनं झाडलं ते कुणी कागदावर लिवलं न्हाई. आन् तू लिवलंस, तर तू झाडलं म्हणून लिवत्यात. म्हंजी आपण करू ते कागदावर यायचंच न्हाई का कवा?"

मी कागदाची घडी घातली.

"परत दे त्यांचा कागद," बा म्हणाला. मग आवाज खाली गेला. "पर जपून. तिथं आपलं कोण न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी आधी मास्तरांकडं गेले. म्हटलं, "मास्तर, ग्रंथपाल तुम्ही आहात. मी काय काम करते ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही लिहून द्या."

ते भिंग पुसत राहिले. भिंग स्वच्छच होतं.

"मी काय करू पोरी," ते म्हणाले. "मंडळ वकीलसाहेबांचं. या वयात मला वाद नको."

मी वकीलसाहेबांच्या घरी गेले आणि कागद ओट्यावर ठेवला. "साहेब, यात माझं काम लिहिलेलं नाही."

ते हसले. "अगं, काम म्हणजे काम. शब्दांत काय आहे?"

"मग दुसरा शब्द लिहा."

हसू गेलं. "मॅट्रिक झालीस म्हणून ग्रंथपाल झालीस का? जे दिलंय ते घे, नाहीतर जाऊ नकोस वर्गाला."

मी तिथून वाचनालयात आले. कपाटांच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आणि वाचकांच्या बाकावर जाऊन बसले. वर्तमानपत्र उघडलं. वर्गणी भरलेली होती माझी, बसायचा हक्क होता.

त्या महिन्यात सरकारी तपासणी होती. वाचनालयाचं अनुदान त्या तपासणीवर. आणि सूचीची चार कपाटं अजून बाकी. मास्तरांना कार्डाची ओळ दिसत नव्हती. दुसऱ्या कुणाला आकडे येत नव्हते.

मी रोज वेळेवर जायचे. बाकावर बसायचे. वेळ झाली की उठायचे. कार्ड लिहिलं नाही आणि झाडलंही नाही. केर वाढत गेला. शेंगांची टरफलं, विड्यांची थोटकं, चपलांची माती. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे वाचक मास्तरांना म्हणाले, "इथं कुणी झाडतं का न्हाई?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पान उलटलं. कागदाचा आवाज जरा जास्तच झाला.

हे धाडस होतं असं आता लोक म्हणतात. मला तर तेव्हा फक्त भीती वाटत होती आणि झोप येत होती. आत्या घरी म्हणायची, "बस झालं बाई, लोक वस्तीत येतील." कुणी आलं नाही. पण आत्या तीन दिवस कामाला जाताना मला दार आतून लावून घे म्हणून बजावायची.

सहाव्या दिवशी वकीलसाहेब स्वतः वाचनालयात आले. माझ्याशी बोलले नाहीत. मास्तरांच्या टेबलावर कागद ठेवून निघून गेले. "ग्रंथालय मदतनीस म्हणून दाखल नोंद, वर्गीकरण व सूचीचे काम करीत आहे." मी किल्ल्या उचलल्या. चारही कपाटं पुरी केली.

तपासणीचे साहेब आले. खण ओढून कार्डं चाळत म्हणाले, "अक्षर सुरेख आहे. कुणाचं?"

"आमच्या मास्तरांचं," वकीलसाहेब म्हणाले. "सगळं त्यांनीच केलंय."

मास्तर खाली बघत राहिले. ज्या माणसाला स्वतःचं नाव लिहिलेलं दिसत नव्हतं, त्याच्या नावावर माझं दीड वर्ष गेलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी बोलले नाही. पत्र आत्याच्या ट्रंकेत होतं, वर्ग सुरू व्हायचा होता, मी भ्याले. ही माझी लाज आहे. ती मी कुणावर ढकलत नाही.

वर्गाला मी दौंडहून जायचे. सकाळच्या पॅसेंजरनं पुणे, संध्याकाळी परत. डब्यात भाकरी, मांडीवर वही. वर्गात बहुतेक पुण्याची मुलं. ती आकडे पाठ करायची. मला पाठ करावे लागले नाहीत, माझ्या बोटांना ते ठाऊक होते. मी पास झाले. चांगल्या गुणांनी. बानं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यात काय लिवलंय, खरं हाय का?"

"खरं हाय," मी म्हणाले.

तेवढ्यात शिरूरची जाहिरात आली. मास्तर सोडणार होते. ग्रंथपालाची जागा, प्रमाणपत्र वर्ग पास उमेदवार पाहिजे. शिरूर तालुक्यात तो वर्ग पास झालेलं दुसरं कुणी असेल तर मला माहीत नाही. मी अर्ज केला. मुलाखतीला गेले.

मंडळाचे तिघं बसले होते. मला खुर्ची दिली. पुस्तकांबद्दल एकही प्रश्न नाही. आडनाव विचारलं, जे त्यांना माहीत होतं. वस्ती विचारली, तीही माहीत होती. मग वकीलसाहेब अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाले,

"ग्रंथपाल म्हणजे टेबलावर तुम्ही. बायाबापड्या येतात, मोठ्या घरचे लोक येतात. तुमच्या हातून पुस्तकं घेतील का? मी लोकांचं म्हणतोय. माझं काही नाही."

पहिल्यांदाच ते मला तुम्ही म्हणाले. तुम्ही म्हणून मग हे विचारलं.

"दीड वर्ष घेतलीच की," मी म्हणाले. "लोकांचं नाव कशाला घेता साहेब? तुमचं आहे ते तुमचं म्हणून बोला."

 एकानं घड्याळ पाहिलं.

मी आत्याकडंच थांबले होते. आठ दिवसांनी निरोप आला. जागा वकीलसाहेबांच्या पुतण्याला. तो बी.कॉम. होता. प्रमाणपत्र नव्हतं, पण ते "पुढं करून घेईल". निरोप घेऊन आले ते मास्तर. काठी टेकत वस्तीच्या तोंडापर्यंत आले, आत आले नाहीत.

"तू मदतनीस राहा," ते म्हणाले. "त्याला जरा कार्डं कशी लावायची ते दाखव. तुझ्याशिवाय जमायचं नाही त्याला."

मला राग आला नाही. राग यायला अंगात काही शिल्लक लागतं. मी इतकी थकले होते की समोरचा म्हातारा मला धूसर दिसत होता.

"नाही," मी म्हणाले.

"पोरी, सूची तुझीच आहे..."

"माझी आहे हे तपासणीच्या दिवशी बोलायचं होतं मास्तर. मी शिकवणार नाही. झाडणार नाही. मदतनीस तर मुळीच राहणार नाही. ग्रंथपाल म्हणून बोलवा, उद्या सकाळी येते."

 ते वळले. रस्त्यात दगड होते. त्यांना दिसत नव्हते. मी पुढं होऊन हात धरला असता. धरला नाही. त्यांनी धरू दिला असता का, हे मला आजही माहीत नाही.

मी दौंडला परत आले. पुढची दोन वर्षं अर्ज. शाळा, कॉलेज, कारखान्यांच्या वसाहती. शेवटी दौंडच्याच एका हायस्कुलात ग्रंथपाल म्हणून लागले. एक खोली, तीन कपाटं, गळकं छप्पर. हेडमास्तर माझ्या मागं काय बोलतात ते शिपाई मला येऊन सांगतो. म्हणजे सगळं पालटलं असं काही झालेलं नाही.

शिरूरचा पुतण्या वर्षभरात कंटाळून गेला. आता मंडळ दर साली जाहिरात काढतं आणि दर साली कुणालातरी हंगामी नेमतं. कार्डं तशीच आहेत म्हणे, पुढं कुणी भर घातली नाही.

मी दर साली अर्ज करते. बा म्हणतो, "आता नोकरी हाय की तुला. कशाला जीव शिणवतीस?" शीण तर आहेच. सुट्टी टाकायची, न्हावऱ्याच्या रस्त्यानं धूळ खात जायचं, तीच तीन माणसं, तेच घड्याळ बघणं. जागा मिळेल म्हणून मी जात नाही. प्रमाणपत्र असलेली बाई समोर बसलेली असताना तिला नको म्हणायला त्यांना दर साली जमावं लागतं, एकत्र बसावं लागतं, माझं नाव मोठ्यानं वाचावं लागतं आणि पुढं काहीतरी कारण लिहावं लागतं. ते सोपं होऊ द्यायचं नाही. मी अर्ज केला नाही तर ते म्हणतील, तुमच्यातलं कुणी येतच नाही.

यंदाचा अर्ज लिहून झालाय. उद्या टपालात टाकते.