काळा सूट आणि क्लेमकाका

क्लेमकाका ऑफिसात कधीही काळा कपडा घालून आले नाहीत. संक्रांतीला हौसेने काळा झब्बा घालणारा माणूस, तेव्हा ही अंधश्रद्धा नव्हती. आमचं विमा कंपनीचं ऑफिस शनिवार पेठेत होतं आणि मृत्यूचे दावे, म्हणजे क्लेम, काकांच्या टेबलावर येत. घरातलं माणूस जाऊन पंधरा दिवसही झालेले नसत, अशी मंडळी त्यांच्यासमोर बसत. म्हणून फिका शर्ट आणि करडी पँट, बारा महिने.

मी पहिल्या दिवशी मुलाखतीचाच काळा सूट घालून गेलो. काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सूट छान आहे. लग्नात शोभेल. इथे लोक आधीच हबकलेले असतात, त्यांना आणखी घाबरवू नका."

आलेल्या माणसाकडे ते आधी दाखला मागत नसत. गेलेल्या माणसाचं नाव विचारत, तो काय करायचा ते विचारत. "कागद कुठे पळून जात नाहीत," असं आम्हाला सांगत.

चारच महिन्यांत वरून हुकूम आला की, ग्राहकांना भेटणाऱ्या सगळ्यांनी रोज काळा सूट घालायचा.

"प्रोफेशनल दिसतं," नवे मॅनेजर म्हणाले.

"निळा चालेल, करडा चालेल. काळाच का?" काकांनी विचारलं.

"मुंबईत सगळे घालतात."

"तिथे मग कुणी मरत नसेल," काका शांतपणे म्हणाले.

निदान दाव्यांच्या टेबलाला यातून वगळावं, असं पत्र त्यांनी लिहिलं, सही केली आणि आम्हा सहाजणांपुढे धरलं. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. "बघतो," म्हणून मी जागेवरून उठलो. बाकीच्यांनीही सही केली नाही. पत्र एकाच सहीने गेलं. पुढच्या आठवड्यात काकांची बदली तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये झाली. त्यांचं टेबल मला मिळालं.

एकदा मार्केट यार्डातल्या हमालाची बायको सासूला घेऊन आली. आमचे काळे कोट पाहून दारातच थबकली. "वकिलाचं हापिस हाय का हे? आमी काय गुन्हा न्हाई केला." मी समजावलं, पण ती आत येईना. शेवटी मी काकांना वर बोलावलं. ते तिच्याशेजारी तासभर बसले, अर्ज भरून दिला आणि परत खाली गेले. मला एका शब्दानेही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

दोन वर्षं तळघरात काढून ते निवृत्त झाले. गेल्या वर्षी गेले. विश्रांतवाडीच्या घरी काकूंना भेटायला गेलो, तेव्हा मला राहवलं नाही.

"काकू, त्या पत्रावर मी सही केली नव्हती."

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं होतं त्यांनी. जेवले नाहीत त्या दिवशी. म्हणाले, त्या पोराची नोकरी अजून पक्की नाही, त्याच्यापुढे तो कागद मी धरायलाच नको होता."