गळ्यातला टेप आणि एक वीत

आता काय सांगू बाई तुम्हाला, आपलंच तोंड आपल्याला कसं गोत्यात आणतं ते! चहा घ्या हातात. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

बेगम बाजारच्या मागं आमचा पडदे शिवायचा कारखाना. मी चौथी शिकलेली. मशीनवर बसून बसून कंबर मोडली, तेव्हा कुठं सेठनं मला सुपरवायझर केलं. मी लगेच काय केलं? कारखान्यातला एकुलता एक धड टेप उचलला अन् गळ्यात घातला. मंगळसूत्र झाकलं तरी चालेल, टेप दिसला पाहिजे!

अशात हिमायतनगरच्या एका फंक्शन हॉलची ऑर्डर आली. त्याच संध्याकाळी लग्न. माल वेळेत गेला नाही तर गिऱ्हाईक जाणार, अन् त्याच्यामागं माझी सुपरवायझरकी.

मी टेबलावर हात आपटला. "पडद्याला खालून एक वीत दुमड घाला अन् मशीन मारा! डोकं खाऊ नका माझं!"

मशीनवरची लक्ष्मी हळूच म्हणाली, "अक्का, टेप देते क्या?"

"एका वितीला टेप कशाला गं? हात नाही का तुला?"

झालं! सगळ्यांनी आपापले हात पसरले अन् लागले कामाला. मी खूश. म्हटलं, याला म्हणतात हुकूम!

दुपारी पडदे नळीला टांगून पाहिले. आई गं! लक्ष्मीचा हात लेकरासारखा, तिचे पडदे जमिनीवर लोळतायत. आमचे जुने कारागीर सुलतान मामू, त्यांचा पंजा म्हणजे भाकरीचा तवा, त्यांच्या पडद्यांनी चिखलातून चालल्यासारखं लुगडं वर खोचलेलं!

"मामू, ये क्या किये?"

"आपईच बोले ना, हात है बोलके? मेरा हात तो येच है, अक्का!"

मी मटकन स्टुलावर बसले. रोज या लोकांना फाडून खाते मी. वाटलं, आज माझी जिरवणार. सोडतील कशाला?

तर लक्ष्मी उसवायलासुद्धा बसली. "एम् कादु अक्का, काही होत नाही. कपडा थोडीच कापला?"

जेवणाचे डबे तसेच राहिले. सगळ्यांनी उसवलं, माझ्या टेपानं मापून परत शिवलं. टोमणा एकच, मामूंचा. "इस बार किसका हात लेना, अक्का?"

टेम्पो भरताना सेठ आला. "इतनी देर कैसे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामू म्हणाले, "माप में फरक था सेठ. अक्का पकड़े, पूरा दुबारा कराए."

नोकरी तर वाचवलीच माणसांनी, इज्जतही शिवून दिली! आजही आठवलं की डोळे भरतात. त्या दिवशी सगळ्यांना इराणी चहा अन् बिस्किटं माझ्याकडून.

सेठ मात्र फुलून गेला. "देखो! इसलिए तो अक्का के गले में टेप रहता!"

मामूंना खोकला आला. लक्ष्मीनं तोंडात पदर कोंबला.

अन् मला तेव्हा कळलं, टेप चुकीच्या जागी घातला होता. तो गळ्यात कशाला? तोंडाला गुंडाळायला हवा होता!