काकांनी आणलेली पिसांची पिशवी

मी आयुष्यात एकदाच स्लीपिंग बॅग निवडायला गेलो आणि ती बॅगच मला सोडेना.

मुळात कुंभकोणमच्या माणसाला स्लीपिंग बॅग लागण्याचं कारण नाही. आमच्याकडे मार्गशीर्षात पहाटे कोणी कानाला पंचा बांधला, तर शेजारी त्याला ताप आलाय का विचारतात. पण मी शाळेत सायन्स शिकवायला लागलो त्याच वर्षी हेडमास्तरांनी मुलांचा हिवाळी कॅम्प कोडैकानलला न्यायचं ठरवलं. मोकळ्या माळावर, तंबूत. सोबत जायला सगळ्यात तरुण मास्तर मीच.

"तिथे पहाटे गवत पांढरं होतं," हेडमास्तर म्हणाले. "चांगलं ऊबदार काहीतरी घेऊन या. मागच्या वेळचे मास्तर चादर घेऊन गेले होते."

"मग?"

"मग त्यांनी बदली मागून घेतली."

घरी मी हे सांगितलं आणि आईचं तोंड उतरलं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पंचांग उघडलं. खूश झाले ते फक्त काका. काका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ भीमराव, लष्कराच्या कोठारात नोकरी करून रिटायर झाले होते. काही वर्षं ते निलगिरीत होते, त्यामुळे थंडी या विषयावर घरात दुसऱ्या कोणाला बोलायची परवानगी नव्हती.

आईने पापनाशमच्या गादीवाल्याकडून शेवरीचा कापूस भरलेली एक पिशवी शिवून घेतली. माणूस आत सरकेल एवढी लांब आणि दोघांनी उचलावी एवढी जड. काकांनी ती बोटाने दाबून पाहिली आणि नाक मुरडलं. दोन दिवसांनी ते त्यांच्या एका चहामळेवाल्या दोस्ताकडून खरी स्लीपिंग बॅग मागून घेऊन आले. लढाईतली, गोऱ्या सोल्जरांची. खाकी, फुगीर, डोक्याला टोपडं आणि पायापासून हनुवटीपर्यंत पितळी चेन.

"आत काय भरलंय?" आईने विचारलं.

"विलायती कापूस," काका म्हणाले.

नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, "बदकाची पिसं आहेत. तुझ्या आईला कळलं तर बॅग आणि मी, दोघंही रस्त्यावर."

आता दोनांतून एक निवडायची होती. मी म्हणालो, दोन्ही नेतो. काका म्हणाले, लष्करात असं चालत नाही, चाचणी घ्यायची. पण कुंभकोणममध्ये थंडी आणायची कुठून? काकांनी त्याचाही बंदोबस्त केला. शनिवारी सकाळी सोडावाल्याच्या ओळखीने बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून बैलगाडीतून आमच्या मागच्या दारी उतरल्या.

शनिवारच का, असं आप्पांनी विचारलं. कारण त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या धाकट्या बहिणीला, अंबूला, पाहायला पुण्याची मंडळी यायची होती.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. अंबूचं लग्न ही आमच्या घरातली रोजची काळजी होती. आम्ही तंजावरच्या राजांबरोबर आलेले मराठी. आमच्या भाषेत अजून बखरीतला वास आणि वर तमिळची फोडणी. याआधी महाराष्ट्रातून एक स्थळ आलं होतं. त्यांनी अंबूला दोन प्रश्न विचारले, ती बोलली आणि ते एकमेकांकडे पाहून हसले. त्यांचं पुढे काही कळलं नाही. त्या दिवसापासून अंबू परक्या माणसापुढे मराठी बोलेनाशी झाली. आताचा हा मुलगा, दिनकर, पुण्यात मास्तर होता. आईवडील नव्हते, आत्याने वाढवला होता. त्याचे मामा त्रिचीला रेल्वेत, त्यांच्याकडे दोघं उतरली होती. आत्याबाई फार कडक, सोवळंओवळं मानणाऱ्या, असं मामांनी आधीच कळवलं होतं. आईने आठवडाभर घर घासलं होतं.

"संध्याकाळी येणार ना ते?" काका म्हणाले. "सकाळी चाचणी. दुपारपर्यंत सगळं कोरडं."

आम्ही मागच्या खोलीची दारंखिडक्या लावली, लाद्या भिंतीला लावून उभ्या केल्या आणि मध्ये चटई टाकली. काकांनी मला सगळे कपडे काढायला लावले. कसोटी पिशवीची, कपड्यांची नाही, हे त्यांचं म्हणणं. अंगावर फक्त लंगोट राहिला. आईची पिशवी खालून लगेच पाणी प्यायली आणि मी ओल्या म्हशीवर झोपल्यासारखा कुडकुडायला लागलो.

"नापास," काका म्हणाले. "आता ही."

मी पिसांच्या बॅगेत शिरलो. काकांनी टोपडं डोक्यावरून ओढलं, चेन सर्रकन वर नेली, दोरी आवळली आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

छान वाटत होतं. नंतर गरम वाटायला लागलं. नंतर मला तव्यावरच्या दोशाबद्दल सहानुभूती वाटायला लागली.

"काका, उघडा."

काकांनी चेन ओढली. ती हनुवटीखाली बोटभर हलली आणि आतलं अस्तर दातांत घेऊन बसली. खाली जाईना, वर जाईना. दोरीची गाठ घामाने आणि पाण्याने घट्ट झाली होती. काकांनी माझ्या छातीवर गुडघा ठेवून जोर केला. चेनची मूठ त्यांच्या हातात आली.

"आता?" मी विचारलं.

काकांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. "आता घाबरायचं नाही," ते म्हणाले आणि स्वतः घाबरले.

तेवढ्यात पुढच्या दारी जटका थांबल्याचा आवाज आला. घोडा फुरफुरला आणि आप्पांचा आवाज ऐकू आला, "यावें, यावें. प्रवास सुखरूप जाहला काय?"

संध्याकाळच्या गाडीला गर्दी असते, म्हणून मंडळी सकाळच्याच गाडीने आली होती.

आतल्या दारातून आई डोकावली. मला पाहिलं आणि तिने पदर तोंडाला लावला. "अय्यो. बाहेर काढा त्याला."

"निघत नाहीये," काका कुजबुजले.

"मग कापा."

"कापायची नाही. दुसऱ्याची वस्तू आहे." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खरं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. कापली असती तर त्या आत्याबाईंच्या देखत घरभर बदक झालं असतं. मी मान हलवून काकांना दुजोरा दिला. म्हणजे हलवायचा प्रयत्न केला, कारण आता माझं डोकं जड झालं होतं आणि डोळ्यांपुढे काजवे नाचत होते.

बाहेर आप्पांनी मंडळींना बसवलं आणि पाहुण्यांसाठी नवा लावलेला छताचा पंखा सुरू केला. एवढ्यात आत्याबाईंचा आवाज आला, करकरीत पुणेरी. "हे पाणी कुठून येतंय?"

बर्फ वितळून दाराखालून बैठकीत गेला होता.

"पाणी?" आप्पा म्हणाले. "येतें कधीकधी."

काकांनी ठरवलं की मला मागच्या अंगणात न्यायचं आणि विहिरीपाशी बसून काय ते बघायचं. त्यांनी मला उभं केलं. मी उड्या मारत निघालो. आमची फरशी लाल सिमेंटची, घोटून आरशासारखी केलेली, त्यावर बर्फाचं पाणी. दुसऱ्याच उडीला माझे पाय गेले (एकत्र गेले, कारण वेगळे जायची सोय नव्हती), मी आडवा झालो, दारावर आदळलो, दार उघडलं आणि मी बैठकीत घसरत जाऊन आत्याबाईंच्या पायांपाशी थांबलो.

 पंखा फिरत होता. मला सुचलं ते मी केलं.

"नमस्कार करतो," मी टोपड्यातून म्हणालो.

आत्याबाईंनी पाय वर घेतले. "हे काय आहे?"

आप्पा आयुष्यात खोटं बोलले नव्हते. "मुलीचा भाऊ," ते म्हणाले.

इथपर्यंतचं आठवून आम्ही आजही हसतो. पण त्यानंतरचे काही क्षण कोणाच्याच मनात हसू नव्हतं. पडताना टोपडं वळलं होतं आणि आवळलेली दोरी माझ्या गळ्यावर बसली होती. मला बोलायचं होतं, आवाज फुटेना. माझा चेहरा आधी लाल होता, तो आता भलत्याच रंगाचा व्हायला लागला, असं आई नंतर सांगायची. आप्पा "अरे, अरे" म्हणत उभे राहिले. काका दोरीची गाठ नखाने सोडवायला लागले, तर त्यांनी ती आणखी घट्ट केली. आई रडायला लागली.

मग मला अंबू दिसली. हिरवं रेशमी लुगडं, डोक्यात कनकांबराचा गजरा आणि हातात आईची मोठी कात्री. ती सरळ माझ्यापाशी येऊन बसली. त्याच वेळी समोरून दिनकर गुडघ्यांवर आला आणि त्याने माझ्या गळ्याखाली दोन बोटं घातली.

"घट्ट धरा," अंबू त्याला म्हणाली. "मानेपासून उचलून धरा. हालूं नका."

त्या आधीच्या स्थळानंतर परक्या माणसापुढे ती मराठीत बोलली, ते हे पहिलं वाक्य. तो हसला नाही. त्याने धरलं. तिने आधी दोरी कापली. मी श्वास घेतला, तो अख्ख्या घराला ऐकू गेला. मग तिने कात्री कापडात घातली आणि छातीवरून खाली न्यायला लागली.

"कमरेपाशी थांब," मी म्हणालो. "खाली कापू नको. अंबू, खाली लंगोट आहे."

ती थांबली. पण पिसं थांबली नाहीत. भसकन बाहेर आली, पंख्याने त्यांना वर ओढलं आणि पांढरी पिसं बैठकभर फिरायला लागली. पाहुण्यांच्या बशीतल्या केसरीवर, म्हणजे शिऱ्यावर, बसली, आप्पांच्या पगडीवर बसली. एक मोठं पीस सावकाश खाली आलं आणि आत्याबाईंच्या डोक्यावर स्थिर झालं.

आईने काकांकडे पाहिलं. "हा विलायती कापूस?"

आत्याबाईंनी ते पीस चिमटीत धरून डोळ्यांसमोर आणलं. "हे पीस आहे," त्या म्हणाल्या. "कशाचं?"

मी काकांकडे पाहिलं. काका छताकडे पाहत होते.

"हंसाचं," ते म्हणाले.

आत्याबाईंनी पीस बाजूला ठेवलं आणि उभ्या राहिल्या.  हे स्थळही गेलं, हे आप्पांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

"विहीर कुठे आहे?" आत्याबाई म्हणाल्या. "अंघोळ करावी लागेल."

आईने पाणी काढून दिलं, आपलं धुतलेलं लुगडं दिलं. मला काकांनी अर्ध्या बॅगेसकट ओढत मागच्या खोलीत नेलं आणि मी तिथेच शिंकत पडलो. दाराच्या फटीतून मला बैठक दिसत होती. अंबू आणि दिनकर सुपात पिसं गोळा करत होते. तो काहीतरी विचारत होता आणि ती उत्तर देत होती. आमच्याच, बखरीतल्या मराठीत. मध्येच त्याने एक शब्द पुन्हा विचारला. तिने सांगितला. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला.

आत्याबाई अंघोळ करून आल्या, आईच्या लुगड्यात बसल्या, ताजं केलेलं उप्पिट सावकाश संपवलं आणि मग आप्पांना म्हणाल्या, "आमचा दिनू मूळचा घाबरट. साधी पाल दिसली तर मला हाक मारतो. आज त्याला पहिल्यांदाच कोणी कामाला लावलेलं पाहिलं. तुमची हरकत नसेल तर मुहूर्त बघू."

आप्पा खुर्चीत बसले. त्यांच्या वतीने काकाच "हरकत नाही" म्हणाले.

कोडैकानलला मी आईची शेवरीची पिशवी नेली. ती बर्फाच्या पाण्यातून नीट वाळली नव्हती. सगळ्या रात्री मी तिच्या बाहेर, शेकोटीपाशी बसून काढल्या आणि मुलं हेडमास्तरांना म्हणाली, सर फार कडक पहारा देतात.

लग्न वैशाखात झालं. जरीचं धोतर नेसून, हातात गुलाबदाणी घेऊन मी मांडवाच्या दारात उभा होतो. आत्याबाई जटक्यातून उतरल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खाली पोचल्यावर जरा थांबल्या आणि मागे वळून नवरदेवाला म्हणाल्या, "दिनू, अरे, याला पाय आहेत."