आत्याच्या पोराच्या गेमवर अक्षय लिहीत नव्हता

माणूस मेला की नातं संपतं का, असं आज मला एका बाईनं विचारलं.

अक्षयचं वर्षश्राद्ध होतं. पंगत नुकतीच उठली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अक्षय चितेगावला कंपनीत होता. सकाळच्या शिफ्टला जाताना पैठण रोडवर अपघातात गेला.

आणि उरलेल्या वेळात तो मराठीत व्हिडिओ गेम्सवर लिहायचा. गारखेड्यातल्या त्याच्या खोलीतून एक पेज चालायचं. लिहायचा तो, शुद्धलेखन तपासायचो मी.

माझं शिक्षण बारावीतच सुटलं. फ्लेक्सच्या दुकानात टायपिंग करतो. पण एखादी वेलांटी चुकून गेली असेल या काळजीनं माझा घास उतरत नाही.
अक्षय म्हणायचा, "अबे, वेलांटी चुकल्यानं कोणी मरत नाय."

गेम म्हणजे कला का टाइमपास, यावर कमेंटमध्ये कायम भांडणं. "खेळ तो खेळ, त्यात कसली आली कला?" असं कोणी लिहिलं की अक्षयचं उत्तर ठरलेलं.

"नाटकाचा खेळ असतो. तमाशाचा खेळ असतो. सिनेमाचा पहिला खेळ, दुसरा खेळ. मग ह्याच खेळानं काय घोडं मारलंय?"

समोरच्याला पटायचं नाही. तो गेला की नवीन कोणीतरी यायचा, तोच प्रश्न घेऊन. वाचून वाचून मीच थकायचो.

गेम बनवणाऱ्या कंपनीनं एखादा गेम लिहिण्यासाठी पाठवला असेल, तर अक्षय पहिल्याच ओळीत लिहायचा: हा गेम मला फुकट मिळाला.

मी म्हटलं, "फुकट बरं दिसत नाही. 'सौजन्याने' लिहू."
"सौजन्य तुझ्या फ्लेक्सवर."
"मग विनामूल्य?"
"विनामूल्य नेत्रतपासणी असती, येड्या. हे फुकट हाय."

एका कंपनीतून फोन आला. "सर, ती पहिली लाइन तेवढी काढा ना." त्यानं काढली नाही. त्यांचे गेम यायचे बंद झाले.

मग रोहितचा गेम आला.

रोहित त्याचा आतेभाऊ, बिडकीनचा. नोकरी सोडून त्यानं एकट्यानं गेम बनवला. धरणाचं पाणी चढतंय आणि एक मुलगी घरातलं सामान बाहेर काढतेय, एवढीच गोष्ट. सगळा मराठीत.

तो पेढे घेऊन अक्षयकडे आला. मी तिथंच होतो.

"दादा, तूच लिही. मराठीत दुसरं कोण लिहितंय?"
"तू माझ्या आत्याचा पोरगा हायेस. मला नाय जमायचं."
"वाईट लिही. पण लिही."
"चांगलं लिहिलं तर लोक म्हणतील, भाऊ हाय. वाईट लिहिलं तर आत्या म्हणंल, भाऊ असून. आणि मला स्वतःलाच कळायचं नाय, गेम आवडला का तू."

रोहित चिडला. "मग तू लिहिणार तरी कोणाबद्दल? आपल्या इकडं सगळेच एकमेकांचे पाव्हणे हायेत!"

पेढ्यांचा बॉक्स तसाच राहिला.

गेम आला तसा गेला. चांगला नाही, वाईट नाही, त्यावर कोणी भांडलंही नाही.

त्या वर्षी आत्या राखी बांधायला आली नाही. अक्षयच्या वडिलांचा हात मोकळा राहिला.
त्यानंतर ती या घरात आली ती थेट अक्षयच्या मातीला.

आज हात धुताना आत्यानं मला नळापाशी गाठलं.

"त्याच्या पेजचा पासवर्ड तुझ्याकडं हाय म्हणं."
"आहे, आत्या."
"मग लिही की आता रोहितच्या गेमबद्दल. तोच गेला. आता कोण म्हणणार, भाऊ हाय म्हणून? माणूस मेला की नातं संपतंच ना रे?"

बोलून गेली, आणि मग तिचं तिलाच ऐकू आलं. तिनं पदर तोंडाला लावला. नळ चालूच राहिला.

मागून रोहित म्हणाला, "आई, बास."

मग माझ्याकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "दादा माझा गेम खेळला होता का?"
"विकत घेऊन खेळला."
"आवडला?"

मला खरंच माहीत नाही. तेव्हा मीही विचारलं होतं. अक्षय म्हणाला होता, "तुला सांगितलं की तू त्याला सांगणार. मग मी लिहिलं काय अन् नाय लिहिलं काय."

आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर हे घर जुळलं असतं. कोणी तपासायलाही आलं नसतं.

मी म्हणालो, "माहीत नाही रे. मला नाही बोलला."

मग रोहितनंच विचारलं, "जात्यापाशी अडकला का? सगळे जातं उचलायला बघतात अन् बुडतात."
"अडकला ना. अख्खा रविवार बुडत होता. मी म्हटलं, सोड ते जातं. सोडेना. शिव्या घालत होता."
"कोणाला?"
"तुला."

रोहित हसला. हसता हसता भिंतीला टेकला आणि रडायला लागला. आत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला तिथं उभं राहवेना, मी चपला घालून निघालो.

त्या पेजवर मी काहीच लिहिणार नाही; हे माझ्या स्वतःच्या अकाउंटवर लिहितोय. रोहितचा गेम चांगला की वाईट, ते तुम्ही खेळून ठरवा. मी आज त्याच्याबरोबर पंगतीला बसलोय, मलाही आता सांगता यायचं नाही.

आणि अक्षय चांगला माणूस होता. पण मी त्याचा मित्र, माझं मत धरू नका. ज्यांनी त्याला नुसतं वाचलं, त्यांनी सांगा.

अक्षय, आठवण येते रे. नमस्कार.