काहीच न करण्याची ओळ

इशबेल गिलिसला गणिताचं वेड कुठून लागलं, देव जाणे. बाप कोळशाच्या खाणीत, आई लोकांची धुणी धुणारी. पण खारवलेल्या मांसाचा घास तोंडात असतानाच बाप झटका येऊन टेबलावर कोसळला आणि ही पोरगी हट्टाला पेटली. कॅनडातल्या आमच्या केप ब्रेटन बेटावरची माणसं हृदयाच्या नाहीतर मेंदूच्या झटक्याने अशी अवेळी का जातात, ती कशी वाचवायची, याची गणितं मांडण्यात तिने जन्म घालवला.

मी तेरेसा, फिरत्या दवाखान्याच्या गाडीवरची नर्स. मासळीच्या धक्क्यावर नाहीतर चर्चपाशी गाडी लावायची, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायचा, गोळ्या द्यायच्या आणि वर चार शिव्या. इशबेलचा भाऊ रॉडी आमचं हक्काचं गिऱ्हाईक. बेटावर डॉक्टर मिळायची मारामार, त्यामुळे त्याची सगळी भिस्त गाडीवर.

"बाई, पट्टा जरा सैल बांधा, जीव घ्याल माझा."

"तुझा जीव ते खारं मांसच घेईल मेल्या, मी कशाला कष्ट घेऊ?"

खिदळत गोळ्या खिशात घालायचा. गाडी दिसली की त्याला गोळी आठवायची, एरवी नाही.

इशबेलने संगणकात हुबेहूब आमच्यासारखं एक बेट वसवलं होतं. तशीच माणसं, तेच चढलेले दाब, तीच सुटलेली पोटं. मग एकेक उपाय लावून बघायची. कायदा करून पावातलं नि डब्यातल्या खाण्यातलं मीठ घटवलं तर किती जगतील? सरसकट गोळ्या वाटल्या तर? आमची गाडी फिरली तर? आणि तक्त्यात सगळ्यात वर एक ओळ ठरलेली: काहीच केलं नाही तर.

"ही अवदसा कशाला गं वर बसवलीस?" मी विचारलं.

"अगं, ती फूटपट्टी आहे. बाकीच्यांची उंची तिच्याशी मोजायची. खरोखर तसं कोण वागणार आहे?"

मिठाचा कायदा पहिला आला. आमची गाडी शेवटून पहिली.

"म्हणजे आम्ही नापास!"

"वेडी आहेस का? दोन्ही हवंय, तेरेसा. गाडी आज आहे त्यांना धरून ठेवेल, कायदा पुढच्यांना."

पण तक्त्यात तसं नव्हतंच. तिच्या धंद्यात प्रत्येक उपाय एकटाच उभा करून तोलायची रीत. आरोग्य खात्याच्या साहेबांनी तक्ता वाचला आणि ते म्हणाले, गाडीचा फायदा कमी, गाडी बंद. आणि कायदा? पाववाल्यांनी आरडाओरडा केला, समिती बसली. ती बसली ती उठलीच नाही. कायदा गेला, गाडीही गेली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

इशबेल राजधानीत जाऊन भांडली. "तुमच्याच आकड्यांवर निर्णय घेतलाय, मॅडम," असं गोड बोलून तिला वाटेला लावलं. ती दर रविवारी रॉडीला फोन करायची. "गोळी घेतलीस?" "घेतली गं बाई." साफ खोटं. अंगाला काही होत नाही, मग गोळी कशाला? आणि पट्टा बांधून त्याला खोटं पाडायला मी नव्हते. चिडून चिडून माझंच डोकं फुटायची वेळ आली होती.

वसंतात रॉडी गेला. त्याच टेबलावर, बापासारखाच. लोक शेवटचं बघायला आले ते हॅमची सँडविचं नि खारं मांस-कोबीची पातेली घेऊनच. आमच्याकडे दुःखात दुसरं काय आणतात? एकाने फिडल, म्हणजे आमचं व्हायोलिन, वाजवलं. इशबेल भिंतीकडे बघत बसली होती, तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

पुढच्या वर्षी खात्याने बेटावरचे मृत्यू तिच्या गणिताशी ताडून पाहिले. संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली, कोटही न काढता बसली.

"साहेबांचा फोन होता. अभिनंदन केलं. म्हणाले, तुमचं गणित पक्कं. एक ओळ तर तंतोतंत जुळली."

"कुठली?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"सगळ्यात वरची."

मी चहा पुढे केला. तिने कप बाजूला सारला.

"त्या मेलेल्यांच्या आकड्यात रॉडी धरलाय गं," ती म्हणाली, "तो वाचला असता, तर गणित एकाने चुकलं असतं." आणि मग ती रडली.